खरखरीत हातांना हवा ओलावा

दिवाळीचा फराळ संपतो, पहाटेची हवा बोचरी होऊ लागते आणि पुणे, नाशिक, नागपूरकडील घराघरांत हातांची तक्रार सुरू होते. बोटांच्या पेरांवर पांढुरक्या रेघा उमटतात, रेशमी साडीच्या धाग्यात बोटे अडकतात, लिंबू पिळताना हात चरचरतात. समुद्राच्या दमट हवेमुळे मुंबई आणि कोकणात हा त्रास तुलनेने कमी असतो. मात्र दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांना आणि दोन्ही वेळची भांडी घासणाऱ्यांना तेथेही तो चुकत नाही. मग मलमांच्या डब्या एकामागून एक घरात येतात आणि अर्ध्या वापरून कपाटात मागे सरकतात. या अपयशाचे कारण बहुधा मलमात नसते. ते केव्हा लावले जाते आणि लावल्यानंतर हात किती वेळा पाण्यात जातात, यावर सारे अवलंबून असते.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा मृत पेशींचा असतो. विटांच्या भिंतीत चुना भरावा, तसे या पेशींच्या मध्ये स्निग्ध द्रव्य भरलेले असते. हे द्रव्य शरीरातील पाणी बाहेर उडून जाऊ देत नाही आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत येऊ देत नाही. तळहातावर तर तेलग्रंथीच नसतात. चेहऱ्याला किंवा पाठीला मिळते ते नैसर्गिक तेल तळहाताला मिळत नाही आणि हाताच्या मागील बाजूची त्वचा मुळातच पातळ असते. शरीराचा सर्वाधिक राबणारा भाग असा सर्वांत कमी संरक्षणावर उभा आहे.

पाणी हाच शत्रू

‘दिवसभर पाण्यात हात असूनही ते कोरडे कसे?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर साधे आहे. वारंवार भिजल्याने बाहेरचा थर फुगतो आणि वाळताना आकसतो. दरवेळी थोडे स्निग्ध द्रव्य वाहून जाते. गरम पाणी ते अधिक वेगाने विरघळवते. त्यात साबणाची भर पडते. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर अंगाच्या साबणाच्या वडीचा बहुधा नऊ ते दहा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांची वडी तर चिकट तेल उखडण्यासाठीच बनवलेली असते; तिला कढईचे तेल कोणते आणि हाताचे कोणते, हा भेद कळत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस लवकर होत नाही, म्हणून तेथे साबण अधिक घेतला जातो आणि हातांची हानीही वाढते.

पूर्वीच्या राखेचे गोडवे अनेकदा गायले जातात. पण लाकडाच्या राखेतही पोटॅशियम कार्बोनेटसारखे क्षार असतातच. तेलकट भांड्यावर ती चोळली की एक प्रकारचा साबणच तयार होतो. आजीच्या पिढीचे हात मऊ होते, ही आठवण कितपत खरी, असा प्रश्न त्यामुळे पडतो.

हॅण्ड सॅनिटायझरचे मात्र थोडे वेगळे आहे. 2020च्या करोना साथीत त्याच्या नावाने बोटे मोडली गेली. भेगा पडलेल्या हातांवर ते झोंबते, हे खरे. परंतु साबण आणि पाण्याच्या तुलनेत ते त्वचेतील स्निग्धता कमी हिरावते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मिश्रणात त्वचेसाठी म्हणूनच 1.45 टक्के ग्लिसरीन घातलेले असते. हातांवर दिसण्याजोगा मळ नसेल, तर कोरड्या हातांच्या व्यक्तीने दरवेळी बेसिनकडे धाव घेण्याची गरज नाही.

लावायचे काय, आणि केव्हा

हात धुतल्यावर ते कोमट किंवा साध्या पाण्याने स्वच्छ करावेत, न घासता टिपून घ्यावेत आणि किंचित ओलसर असतानाच मलम लावावे. हातांवर राहिलेला ओलावा आतच अडवणे, हे मलमाचे खरे काम. अर्ध्या तासाने, हात पूर्ण सुकल्यावर लावलेले महागडे क्रीम जे करू शकत नाही, ते त्या क्षणी लावलेली साधी पेट्रोलियम जेली करते. बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली साबण साचून राहतो. हात धुताना अंगठी काढून ठेवणे हाही उपचारच आहे.

प्रमाणाचा सोपा हिशेब त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली मलमाची पट्टी एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. बहुतेक जण याच्या निम्मेही घेत नाहीत.

पेट्रोलियम जेलीचा जन्म अमेरिकेतील तेलविहिरींवर झाला. पंपांच्या दांड्यांवर साचणारा मेणचट थर कामगार भाजलेल्या आणि कापलेल्या जागी लावतात, हे रॉबर्ट चेसब्रो यांनी 1859 मध्ये पाहिले आणि 1872 मध्ये ‘व्हॅसलीन’चे पेटंट घेतले. दिसायला ओबडधोबड आणि हाताला चिकट असली, तरी पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे फार थोडे पदार्थ आहेत. रात्री जाड थर लावून वर सुती हातमोजे घातले, तर आठवडाभरात भेगा मिटू लागतात. मेणयुक्त मलमात भिजलेले कापड मात्र चटकन पेट घेते. असे हातमोजे घालून गॅसजवळ जाऊ नये.

ग्लिसरीनची जात निराळी. ते पाणी ओढून धरते. पण निर्जळ ग्लिसरीन कोरड्या हवेत लावले, तर ते त्वचेच्या आतल्या थरातूनच पाणी ओढते. म्हणून ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून लावावे आणि वर तेलाचा हात फिरवावा. कातडे जाड, राठ झाले असेल, तर युरिया असलेली क्रीम उपयोगी पडते. उघड्या चिरेवर मात्र तीही झोंबते.

स्वयंपाकघरातील तेलांपैकी खोबरेल तेलाच्या बाजूने पुरावा आहे. फिलिपिन्समधील 2004च्या एका चाचणीत कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकेच परिणामकारक ठरले. ऑलिव्ह तेलाची प्रतिष्ठा मोठी असली, तरी 2013 मध्ये ब्रिटनमधील एका लहान चाचणीत प्रौढांच्या त्वचेचा संरक्षक थर त्याने कमकुवत केल्याचे आढळले.

कोकणाकडे या कामासाठी स्वतःचे औषध पूर्वापार आहे. रातांब्याची साल आमसुलांसाठी गेली की बिया वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर येणारे तेल निवल्यावर घट्ट होते. हाताने दाबून त्याचे गोळे करतात. यालाच मुठेल, गोव्याकडे भिरंडेल, म्हणतात. हे तेल साधारण चाळीस अंशांपर्यंत घट्टच राहते, त्यामुळे ते लावण्याआधी किंचित गरम करावे लागते. मात्र एकदा लावले की भेगेत टिकून राहते. पायांच्या भेगांसाठी ते सर्वपरिचित आहे, हातांसाठी ते कमी वापरले जाते, हे नवलच. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या हेच तेल ‘कोकम बटर’ या नावाने विकतात आणि किमतीत मोठा फरक पडतो. आयुर्वेदातील शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, याच कुळातले.

लिंबाबाबत मात्र सावध राहावे. भांडी घासून झाल्यावर लिंबाची साल हातांना चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. वास जातो, पण आम्ल रस भेगांत शिरून दाह वाढवतो. लिंबाचा रस लागलेले हात उन्हात गेले, तर काळे डागही पडू शकतात.

नुसता कोरडेपणा नसेल तेव्हा

लसूण सोलणाऱ्या अनेक स्त्रियांच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एवढ्यांचीच टोके फाटतात. पाकळी त्याच बोटांनी धरलेली असते. हा कोरडेपणा नसून लसणातील गंधकयुक्त द्रव्यांची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी लसूण थांबवल्याशिवाय कोणतेही मलम चालत नाही. गवंड्यांच्या हातांना सिमेंटमधील क्रोमियमची, तर काहींना चक्क रबरी हातमोज्यांचीच ॲलर्जी होते. त्यांनी व्हिनाइलचे मोजे वापरावेत. कोणतेही मोजे असोत, आत पातळ सुती मोजे हवेत; नाही तर घामाने हात आतल्या आत भिजतात.

चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला हे सारे सल्ले ऐकवणे सोपे आहे. तिचे हात दिवसातून कित्येक तास साबणात असतात आणि मलम लावून थांबायला वेळ नसतो. कातडे झिजले की बोटांचे ठसे पुसट होतात आणि रेशन दुकानातील यंत्र अंगठा ओळखत नाही. बांधकाम मजूर आणि शेतमजूर यांनाही हा अनुभव येतो. हातमोज्यांचा एक जोड, लांब दांड्याचा ब्रश आणि बेसिनजवळ ठेवलेली जेलीची डबी यांचा खर्च काम देणाऱ्या घराने उचलावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

आठ-दहा दिवस नीट काळजी घेऊनही फरक पडला नाही, पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्या आल्या, चिरांतून रक्त किंवा पू येऊ लागला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. एकच तळहात कोरडा असून दोन्ही पायांची साल निघत असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. दोन्ही हातांसोबत सर्वांगच कोरडे पडले, थकवा आला, वजन वाढले, तर थायरॉइडची तपासणी करावी. कोरड्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी मुळीच पुढे ढकलू नये. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून घेण्याची प्रथा सर्वांत घातक. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असतात. दोन दिवस बरे वाटते, नंतर कातडे पातळ होते आणि बुरशी असल्यास ती दबून पसरते. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टेरॉइड असलेली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, तरी ती सहज मिळतात. डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब आणि वापरातल्या साबणांची वेष्टने सोबत न्यावीत. ॲलर्जीचा संशय असल्यास डॉक्टर पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या लहान पट्ट्या चिकटवून 48 तासांनी त्या काढतात आणि त्वचा तपासतात. त्या दोन दिवसांत पाठ भिजू द्यायची नसते.