डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड : गुणवत्तादोषाचे निदान

डिझेल इंजिनाच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे (नॉक्स) कमी करण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात फवारले जाणारे युरियाचे द्रावण म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, थोडक्यात डेफ. ट्रकचालक आणि गॅरेजवाले त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात. वजनाने ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले ६७.५ टक्के खनिजमुक्त पाणी, एवढाच त्याचा मसाला. आयएसओ २२२४१ या मानकात त्याला एयूएस ३२ म्हटले आहे. ‘अ‍ॅडब्लू’ हे जर्मन वाहन उद्योगाच्या व्हीडीए या संघटनेचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि मालवाहू ट्रक व बसगाड्यांत डेफची टाकी सर्रास दिसू लागली. त्यासोबत डॅशबोर्डवर ‘डेफ क्वालिटी’चा दिवा लागण्याच्या तक्रारीही आल्या. या दिव्याचा अर्थ नीट लावला नाही, तर चांगले द्रावण ओतून दिले जाते किंवा महागडा सुटा भाग विनाकारण बदलला जातो.

धुराच्या उष्णतेने युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. एससीआर (निवडक उत्प्रेरकी क्षपण) यंत्रणेच्या उत्प्रेरकावर हा अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि नायट्रोजन व पाण्याची वाफ बाहेर पडते. किती डेफ फवारायचे हे इंजिनाचा नियंत्रक संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो, आणि द्रावण ३२.५ टक्क्यांचेच आहे असे तो गृहीत धरतो. द्रावण पातळ असेल तर अमोनिया कमी पडतो आणि मागचा नॉक्स सेन्सर जास्त आकडा दाखवतो. द्रावण दाट असेल तर अमोनिया उरतो. पण नॉक्स सेन्सरला अमोनियाही नॉक्ससारखाच भासतो, त्यामुळे आकडा पुन्हा वरच जातो. म्हणजे परस्परविरुद्ध दोन दोषांची खूण एकच. अनेक गाड्यांच्या टाकीत स्वतंत्र क्वालिटी सेन्सर असतो. तो द्रावणातून ध्वनिलहर पाठवतो आणि तिच्या वेगावरून, तापमान जमेस धरून, युरियाचे प्रमाण काढतो. असा सेन्सर नसलेल्या गाड्यांत नॉक्स किती घटले यावरूनच द्रावणाची प्रत ठरवली जाते. दोन्ही पद्धतींत गाडी शुद्धता मोजत नसून तिचे अनुमान बांधत असते, आणि निदान करणाऱ्याने सर्वांत आधी हेच ध्यानात घ्यायला हवे.

स्कॅनर लावल्यावर पी२०७एफ हा दोषकोड सहसा द्रावणाच्या गुणवत्तेकडे बोट दाखवतो, तर पी२०ईई हा उत्प्रेरकाची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो. दोन्ही एकत्र आले तरी कोड पुसून गाडी सोडू नये. कोड पडला त्या क्षणाचे तापमान, टाकीची पातळी आणि दोन्ही नॉक्स सेन्सरांचे आकडे आधी उतरवून घ्यावेत. मग चालकाला विचारावे : शेवटचे डेफ कुठे, कधी आणि कशातून भरले? सुटे भरले की सीलबंद कॅनमधून? दिवा भरल्यानंतर लगेच लागला की बऱ्याच दिवसांनी? या उत्तरांनी निम्मे काम होते, असा जाणत्या मेकॅनिकांचा अनुभव आहे.

त्यानंतर नमुना. तो स्वच्छ काचेच्या भांड्यात घ्यावा आणि टाकीच्या तळातून व पृष्ठभागावरून असा वेगवेगळा घ्यावा. डिझेल डेफपेक्षा हलके असल्याने वर तरंगते, म्हणून नुसता तळाचा नमुना फसवा ठरतो. चांगले डेफ पाण्यासारखे नितळ असते आणि त्याला अमोनियाचा सौम्य वास येतो. गढूळपणा, रंगाची झाक किंवा पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर पुढच्या चाचणीआधीच संशय पक्का धरावा. टाकीच्या तोंडाशी जमलेले पांढरे स्फटिक मात्र सुकलेल्या युरियाचे असतात. त्यांत काही वावगे नाही.

मुख्य हत्यार म्हणजे हातातला रिफ्रॅक्टोमीटर. आधी ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबाने त्याचे शून्य जुळवावे. मग काच कोरडी पुसून तिच्यावर डेफचे दोन थेंब टाकावेत, झाकण अलगद मिटावे, बुडबुडा अडकला नाही ना हे पाहावे आणि उजेडाकडे धरून डोळा लावावा. निळा व पांढरा भाग जिथे मिळतो ती रेघ डेफच्या मापपट्टीवर ३१.८ ते ३३.२ यांच्यामध्ये यायला हवी. २० अंश सेल्सियसला याच कक्षेचा वक्रीभवनांक १.३८१४ ते १.३८४३ असतो आणि घनता प्रति घनमीटर १०८७ ते १०९३ किलो. रेघ खाली आली तर द्रावणात पाणी मिसळले आहे, वर गेली तर पाणी उडाले आहे किंवा बनवतानाच चूक झाली आहे.

पण रेघ जागेवर आली म्हणून द्रावण निर्दोष ठरत नाही. रिफ्रॅक्टोमीटरला युरिया ओळखता येत नाही. सुमारे ३१ टक्के साखरेचे पाणीही त्यात जवळपास तेवढेच वाचन देते. खरा धोका साखरेचा नाही. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून विकलेल्या द्रावणाचा आहे, कारण त्याचे प्रमाण बिनचूक जमवता येते. शेतीच्या युरियात बाययुरेट या अशुद्धीचे प्रमाण डेफच्या मर्यादेपेक्षा जास्त चालते आणि भारतात २०१५ पासून तो निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. मानकात मात्र बाययुरेट ०.३ टक्क्यापेक्षा कमी आणि कॅल्शियम, लोह, सोडियम हे प्रत्येकी किलोमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम या मर्यादेच्या कित्येक पट असते. ते डोसिंग इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत साचते आणि उत्प्रेरकावर बसते. उत्प्रेरकाचे हे नुकसान सहसा भरून निघत नाही. शिवाय अनुदानाचा युरिया असा वळवणे खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार बेकायदा आहे. स्वस्त कॅनमागे शेतकऱ्याचा हक्क आणि वाहनमालकाचा पैसा दोन्ही जातात. द्रावण शेतीच्या युरियाचे आहे का, याची खात्री गॅरेजमध्ये होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

डिझेलची भेसळ हा सर्वांत खर्चिक दोष. डेफचे नोझल १९ मिलिमीटरचे आणि टाकीचे झाकण निळे ठेवलेले असते ते यासाठीच, तरी नरसाळ्याने भरताना किंवा डिझेलचाच कॅन वापरताना गफलत होते. थोडेसे डिझेलही डेफ यंत्रणेतले रबरी सील फुगवते. तेल ओळखणारी चाचणीपट्टी वरच्या थरात बुडवल्यास लगेच कळते. भेसळ सिद्ध झाली तर टाकी धुऊन भागत नाही, कारण तेल पंपात आणि नळ्यांत आधीच पोचलेले असते. चूक भरताना लक्षात आली, तर किल्लीच फिरवू नये.

भेसळ नसतानाही डेफ खराब होते, ते उष्णतेने. १० अंशांपर्यंत साठवल्यास ते ३६ महिने, २५ अंशांपर्यंत १८, ३० अंशांपर्यंत १२ आणि ३५ अंशांपर्यंत जेमतेम ६ महिने टिकते. मे महिन्यात विदर्भात ढाब्याबाहेर उन्हात ठेवलेले कॅन या तक्त्यातच बसत नाहीत. कॅनवरची तारीख तपासावी, सावलीतला माल घ्यावा आणि उघडलेला कॅन लवकर संपवावा.

द्रावण सर्व चाचण्यांत उतरले, तर संशय यंत्रणेवर न्यावा. स्कॅनरवरचे सेन्सरचे वाचन आणि रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन शेजारी मांडावे. टाकी नुकतीच भरली असेल तर द्रावणातले हवेचे बुडबुडे ध्वनिलहर अडवतात, म्हणून काही वेळ थांबून पुन्हा पाहावे. तरीही दोन वाचने जुळली नाहीत तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग दोषी. ती जुळली आणि कोड तरीही कायम राहिला, तर इंजेक्टर काढून मोजपात्रात फवारा घ्यावा आणि निघालेले प्रमाण उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडावे. युरियाच्या खड्यांनी तोंड अर्धवट बुजलेला इंजेक्टर हा नेहमीचा गुन्हेगार असतो. सायलेन्सरच्या जोडातली गळती आणि भरकटलेला नॉक्स सेन्सर हेही ‘खराब युरिया’चेच सोंग घेतात.

दिव्याकडे दुर्लक्ष केले तर नियमच गाडी अडवतो. युरो-६ च्या धर्तीवर अवजड वाहनांत गुणवत्तादोष १० इंजिन-तासांत दूर झाला नाही, तर टॉर्क २५ टक्क्यांनी घटतो आणि २० तासांनंतर गाडी ताशी २० किलोमीटरपुरती मर्यादित होते. घाटात भरलेला ट्रक असा रांगू लागला की मागे रांग लागते, म्हणून चालक वैतागून बनावट संदेश देणारा एम्युलेटर बसवून घेतात. हे बेकायदा तर आहेच, पण त्याने गाडीचा सगळा नॉक्स रस्त्याकडेच्या माणसांच्या फुप्फुसांत जातो.

दुरुस्तीनंतर नुसता कोड पुसून काम संपत नाही. टाकी खनिजमुक्त पाण्याने विसळून ताजे डेफ भरावे, आणि एससीआर कार्यक्षमतेची चाचणी स्कॅनरवरून चालवावी किंवा इंजिन पुरेसे तापेल अशी भारासह फेरी मारून मागच्या नॉक्स सेन्सरचे वाचन उतरल्याचे पाहावे. विक्रेत्याशी वाद असेल, तर काढलेल्या द्रावणाचा एक सीलबंद नमुना, त्याच खेपेचा न उघडलेला कॅन आणि बिल हे तीनही राखून ठेवावे. टाकीतला नमुना एकटा असेल तर भेसळ टाकीत झाली की कॅनमध्ये, हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.