सप्टेंबर १९३९ आणि आपला मुंबई प्रांत

१ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. ३ तारखेस ब्रिटनने युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. लोकनियुक्त मंत्रिमंडळांना कोणी विचारलेही नाही! आपला सुरत जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता व बाळासाहेब खेर प्रांताचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्यास त्या काळी तसेच म्हणत. १९३८ च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातील हरिपुऱ्यास सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते.

१४ सप्टेंबरला वर्ध्याहून काँग्रेस कार्यसमितीने युद्धाचे हेतू स्पष्ट करण्याची मागणी केली. १७ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या, २८ ला वॉर्सा पडले. १७ ऑक्टोबरच्या निवेदनात व्हाइसरॉयांनी घटनात्मक सुधारणांचा विचार युद्धानंतरवर ढकलला. २२ ला वर्ध्याहून राजीनाम्यांचा आदेश निघाला. नोव्हेंबरच्या आरंभी खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले.

राजीनामा अटळ होता, असे आम्हांस वाटते. पण सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे त्याची किंमतही आम्हांस जाणवते. कलम ९३ अन्वये गव्हर्नर व त्यांचे सल्लागार कारभार पाहू लागले. कचेऱ्या पूर्ववत चालू राहिल्या, मात्र त्यांना जाब विचारणारे विधिमंडळ उरले नाही. खेर पुन्हा सत्तेवर आले ते १९४६ मध्ये.