भेकराची सहा गुणसूत्रं

ताडोब्यात जिप्सी मध्येच थांबते, गाइड तोंडावर बोट ठेवतो, आणि सगळे कान देऊन ऐकायला लागतात. कधी चितळाचा कॉल असतो, कधी वानराचा, कधी भेकराचा. भेकराचा आवाज हरणाचा वाटतच नाही, ते चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. त्या भुंकण्यावरून सगळे वाघ शोधतात, भेकराकडे मात्र कुणी बघत नाही. आमच्या विषयातली माणसं गाडीत असती तर त्यांनी वाघ सोडून भेकर बघितलं असतं. कारण आजवर ज्या सस्तन प्राण्यांची गुणसूत्रं मोजली गेली, त्यांत सगळ्यात कमी आकडा या भेकराचा आहे: मादीत 6, नरात 7.

हा आकडा किती विचित्र आहे ते कळण्यासाठी त्याच जंगलातले बाकीचे बघा. वाघ 38, बिबट्या 38, रानमांजर 38, आणि तुमच्या घरातली मांजरसुद्धा 38. रानकुत्रा 78, गावातला कुत्राही 78. चितळ 66. म्हणजे जवळच्या नात्यात आकडा सहसा सारखा राहतो. आणि चीनमध्ये एक भेकर आहे, दिसायला आपल्या भेकराचं धाकटं भावंड वाटावं असं. त्याची गुणसूत्रं 46!

मुळात गुणसूत्रं मोजणं हेच बरीच वर्षं कठीण काम होतं. पेशी विभागायला लागली की ती दिसतात, पण एकमेकांवर पडून गुंता झालेला असतो. माणसाची गुणसूत्रं 48 आहेत असं 1920 च्या दशकापासून तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. 1952 मध्ये टेक्सासमध्ये टी. सी. शू या संशोधकाच्या पेशी एकदा चुकून कमी मिठाच्या द्रावणात धुतल्या गेल्या. पेशी पाणी पिऊन फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. ते द्रावण चुकीचं कुणी बनवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गंमत म्हणजे इतकं स्वच्छ चित्र समोर असूनही शू यांनी 48 हाच आकडा धरला, कारण सगळे तसंच म्हणत होते. 46 हा बरोबर आकडा स्वीडनमध्ये च्यो आणि लेवान यांनी 1955 च्या डिसेंबरात पाहिला आणि 1956 मध्ये छापला. (आकडा आधी ठरवून मग मोजायचं, हा आजार आमच्या लॅबमध्ये अजून आहे, पण ते जाऊ द्या.)

त्यानंतर मोजण्याची लाटच आली. अमेरिकेत कर्ट बेनिर्श्के यांनी 1962 मध्ये घोडा, गाढव आणि खेचर यांची गुणसूत्रं मांडून दाखवली: 64, 62 आणि 63. आठ वर्षांनी, 1970 मध्ये, डोरिस वर्स्टर आणि बेनिर्श्के यांनी 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय भेकराचा आकडा जाहीर केला. असं काही दिसलं की पहिली शंका काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशी बिघडल्याची येते. पण आकडा खराच होता.

मग बाकीची गुणसूत्रं गेली कुठे? कुठेच नाही. कापसाच्या छोट्या गाठी एकमेकींना बांधून तीन मोठे गठ्ठे करावेत तसं झालंय. भेकराच्या पूर्वजांत गुणसूत्रं टोकाला टोक लावून पुन्हा पुन्हा जोडली गेली. जिथे जोड बसला तिथे जुन्या गुणसूत्रांच्या मधल्या आणि टोकाच्या भागांचे अवशेष आजही सापडतात. 2020 मध्ये दोन्ही भेकरांचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा जनुकांचा क्रम लांबच लांब पट्ट्यांत सारखाच निघाला. सामान जवळपास तेवढंच, गाठोडी वेगळी. नरात 7 का, तर भेकराचं एक्स गुणसूत्र दुसऱ्या एका साध्या गुणसूत्राला चिकटलेलं आहे. नराकडे असं जोड-एक्स एकच असतं. त्या साध्या गुणसूत्राचा जोडीदार सुटा राहतो आणि वाय वेगळं, म्हणून एक आकडा वाढतो.

म्हणजे नुसत्या संख्येनं काही होत नाही का? होतं, पण कुठे होतं ते महत्त्वाचं आहे. चीनमधल्या कुनमिंगला शी लिमिंग आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भेकरांचा संकर अभ्यासला. नर संकरात गुणसूत्रं 27 (23 अधिक 4). पिल्लं जगली, वाढली, पण नर नापीक. शुक्राणू बनताना प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार शोधावा लागतो, आणि इथे एका लांबलचक गुणसूत्रासमोर अनेक तुकडे उभे. खेचराचंही साधारण हेच. याउलट आपल्या गडचिरोलीचा मानवेल बांबू पाहा. 12 चा संच त्यात सहा वेळा आहे, एकूण 72, आणि तो रानभर माजतो. झाडांना अख्खे संच वाढलेले बहुतेक चालतात. प्राण्यांत मात्र एखादंच गुणसूत्र जादा आलं तर जनुकांची मात्रा बिघडते. माणसात 21 वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असलं की डाउन सिंड्रोम होतो, हे 1959 मध्ये कळलं. (आपल्याकडचा सिकलसेल यातला नाही. तिथे गुणसूत्रं 46 च असतात, 11 व्यावरच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं असतं.)

भेकरासारखी जोडलेली गुणसूत्रं माणसांतही असतात. हजारात सुमारे एका माणसात दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असतात, मोजली तर 45. माणूस अगदी धडधाकट, त्याला आयुष्यभर पत्ताही नसतो. अडचण मूल होताना येते: कुणाला पुन्हा पुन्हा गर्भपात, कुणाच्या बाळात एक गुणसूत्र जादा. आपल्याकडे अशा वेळी सगळी तपासणी आणि सगळे टोमणे बाईच्या वाट्याला येतात. जोड नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. रक्ताच्या साध्या नमुन्यातून गुणसूत्रांची तपासणी होते आणि ती दोघांचीही करायची असते. हे वाक्य मी घरी तीनदा सांगितलंय, इथे चौथ्यांदा.

मग भेकरानं इतके जोड पचवले कसे? प्रत्येक नवा जोड आधी एकाच प्राण्यात आला असणार आणि त्याची पिल्लं काही प्रमाणात कमी झाली असणार. लहान, एकाकी पडलेल्या कळपांत नात्यात संकर होऊन असे जोड टिकले असावेत, असा एक अंदाज आहे. मलेशियाकडच्या लाल भेकरात आकडा 8 आणि 9 आहे. त्याला वेगळी जात मानावं का, या वादात हा फरकही पुरावा म्हणून मांडला जातो.

ताडोब्यात किंवा गडचिरोलीत हे काम करायचं तर नुसत्या लेंडीवर भागत नाही. लेंडीतून डीएनए मिळतो, पण गुणसूत्रं मोजायला जिवंत, विभागणारी पेशी लागते. चंद्रपूर–मूल रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या जनावराच्या कानाची कातडी लवकर काढून थंड ठेवली, तर त्यातल्या पेशी वाढवता येतात. त्यासाठी वनखात्याची परवानगी हवी आणि बर्फाचा डबा घेऊन वेळेत पोचणारं माणूस हवं.