खेळ कितीचा आहे?

मुलुंड पश्चिमेला एकाच आवारात पोहण्याचा तलाव आहे आणि महाकवी कालिदास नाट्यमंदिरही आहे. हे संकुल चालवणाऱ्या संस्थेचे नाव बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान. महापालिकेने हे दोन विषय कारभाराच्या सोयीसाठी एकत्र आणले असतील, पण मराठीने ते फार आधीपासून एकत्र नांदवले आहेत. जुन्या पिढीतला प्रेक्षक तिकीट खिडकीवर अजूनही विचारतो, ‘खेळ कितीचा आहे?’ कबड्डीचा खेळ आणि नाटकाचाही खेळच. सिनेमा आला तेव्हा त्याच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. तीनचा खेळ, सहाचा खेळ, शेवटचा खेळ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्यानंतर गावोगाव नाटकमंडळ्या हिंडू लागल्या आणि लोक ‘आज खेळ आहे’ एवढेच म्हणत. रत्नागिरीकडे शिमग्यात सोंगे घेऊन घरोघर फिरणाऱ्यांना तर ‘खेळे’ हेच नाव आहे. कोकणातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे भांडुप, घाटकोपर, बोरिवलीत स्थिरावली आणि त्यांच्या मंडळांनी नमन-खेळे इथल्या रंगमंचावर आणले. उंच टोपीचा संकासूर अंगावर धावून आला की पहिल्या रांगेतली मुले किंचाळतात, आणि तो पाठ वळवून जायला निघाला की त्याच्या मागे धावतात.

खेळ या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला ‘खेल्’ धातू आहे. त्याचा अर्थ हलणे, डुलणे, इकडून तिकडे झुलणे. अमरकोशात क्रीडा, खेला आणि कूर्दन हे तीन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. कूर्दन म्हणजे उडी मारणे. म्हणजे मुळात स्पर्धा नाही, हारजीत नाही, गुण नाहीत, फक्त हालचाल आहे. मराठीने हा जुना अर्थ अशा ठिकाणी सांभाळून ठेवला आहे की आपल्याला तो जाणवतही नाही. ‘घरात हवा खेळती हवी’ असे आपण म्हणतो. शेताला पाणी खेळवतो. दुकानदार खेळत्या भांडवलाची काळजी करतो. जे अडून राहत नाही, साचत नाही, ते खेळते. अंधेरी-बोरिवलीच्या नव्या इमारतींच्या जाहिरातीत खेळत्या हवेचा उल्लेख हमखास असतो. त्याच इमारतींच्या प्रवेशद्वाराशी ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटीही असते, आणि ती वाचताना मला दर वेळी त्रास होतो. हवेला जी मुभा आहे ती मुलांना नाही.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जे मागायला जातात त्याला भरताने दिलेला शब्द आहे ‘क्रीडनीयक’. क्रीडनीयक म्हणजे खेळणे, मन रमवायची वस्तू. मात्र डोळ्यांना दिसणारी आणि कानांना ऐकू येणारी. नाट्याचे सगळे शास्त्र, रस, अभिनय, मंडप, ते नंतर आले. आधी मागणी झाली ती खेळण्याची.

आता मुलांच्या तोंडचा एक शब्द घेऊ. ‘खोटं’ हा मराठी घरातला वाईट शब्द. ‘खोटं बोलू नकोस’ हे प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. पण तेच मूल हा शब्द दोनदा उच्चारते आणि सगळे पालटते. ‘मी खोटं-खोटं रडतोय.’ ‘हा खोटा-खोटा चहा आहे, प्या.’ एकदा म्हटले तर लबाडी, दोनदा म्हटले तर खेळ. खोटे बोलणारा समोरच्याला अंधारात ठेवतो. खोटं-खोटं म्हणणारा समोरच्याला विश्वासात घेतो: हे खरे नाही हे तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि तरी आपण दोघे ते खरे धरू. नाट्यगृहात तिकीट काढून बसलेला माणूस याहून वेगळा कोणता करार करतो? साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला हा करार कुणी शिकवलेला नसतो. त्याने तो भाषेतल्या एका साध्या सोयीतून, शब्दाच्या पुनरुक्तीतून, स्वतः केलेला असतो.

ही सोय मुले मग कशालाही लावतात. शाळा-शाळा, डॉक्टर-डॉक्टर, दुकान-दुकान, टीचर-टीचर, आणि घाटकोपरची मेट्रो रोज पाहणाऱ्या मुलांचे मेट्रो-मेट्रो. ‘शाळा’ म्हणजे सकाळी सातला उठवणारी ती. ‘शाळा-शाळा’ म्हणजे जिथे आपण बाई होतो, धाकट्या भावाला उभे करतो आणि खिडकीच्या गजांची हजेरी घेतो. आपल्यावर जे गुदरले ते या दुसऱ्या शाळेत मूल उलटीकडून जगून पाहते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचे उदाहरण दिले आहे. त्या ‘बहीण-बहीण’ खेळत होत्या. एरवी त्या बहिणी होत्याच, पण खेळायला लागल्यावर दोघी सारखे कपडे घालू लागल्या, हात धरून चालू लागल्या, बहिणीने कसे वागायचे असते ते ठरवून वागू लागल्या. नेहमीच्या जगण्यात जो नियम दिसत नाही, तो खेळात दिसतो आणि मूल तो आपण होऊन पाळते. काठीला घोडा म्हणताना मुलाने वस्तूपासून अर्थ सोडवून घेतलेला असतो, हेही त्याच व्याख्यानात आहे. पुढे ‘क्ष म्हणजे एक अज्ञात संख्या’ हे ज्या बळावर समजायचे, ते बळ इथे तयार होते.

मराठी व्याकरणात अशा दुहेरी शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात. शाळा-शाळा हा पूर्णाभ्यस्त. ज्यात दुसरा भाग थोडा बदलतो तो अंशाभ्यस्त. हे नाव पाणिनीच्या परंपरेतून आले: धातूची द्विरुक्ती झाली की तिच्या पहिल्या भागाला तिथे ‘अभ्यास’ म्हणतात. होय, तोच अभ्यास. ‘खेळ पुरे झाला, आता अभ्यासाला बस’ हे वाक्य मुलुंडपासून दहिसरपर्यंत रोज संध्याकाळी हजारो घरांत म्हटले जाते, आणि त्यात खेळ आणि अभ्यास एकमेकांचे वैरी असतात. शब्दाचा इतिहास याच्या उलट सांगतो. ‘अभि’ आणि ‘अस्’, म्हणजे फेकणे, यांपासून अभ्यास झाला. पुन्हा पुन्हा फेकणे, म्हणून पुन्हा पुन्हा करणे, म्हणून सराव, म्हणून अध्ययन. दहा महिन्यांचे बाळ चमचा खाली टाकते, आपण उचलून देतो, ते परत टाकते, परत आपल्या तोंडाकडे बघते. शब्दाच्या अगदी अक्षरार्थाने त्याचा अभ्यास चालू असतो.

फ्रेंच लोक नाटकाच्या सरावाला ‘रेपेतिस्याँ’ म्हणतात, म्हणजे पुनरावृत्ती. आपल्याकडे त्यासाठी ‘तालीम’ आहे आणि तिचा प्रवास अधिक लांबचा. अरबीत तालीम म्हणजे शिकवणे. इल्म आणि तालीम एकाच मुळाचे. मराठीत येताना ती आधी लाल मातीत उतरली. कुस्तीच्या आखाड्याला आपण तालीम म्हणू लागलो. मग नाटकवाल्यांनी तिला उचलले, तिची रंगीत तालीम झाली. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधींनी आपला हस्तोद्योगाच्या शिक्षणाचा विचार मांडला आणि तो ‘नई तालीम’ या नावाने ओळखला गेला, तेव्हा हा शब्द पुन्हा शिक्षणाकडे परतला. शरीर, नाटक, शाळा, तिन्ही या एका शब्दातून जाऊन आले आहेत. गणपतीच्या दिवसांत उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांत अजून गच्चीवर मुलांच्या नाटकाची तालीम चालते. तिथे पाचवीतली मुलगी स्वतःच्या संवादांबरोबर इतर सगळ्यांचेही संवाद पाठ करून बसलेली असते, कारण दुसरा काय म्हणणार हे माहीत असल्याशिवाय आपली वेळ कळत नाही. हे शिक्षण कुठल्या तासाला मिळते ते मला सांगता येणार नाही.

गच्चीवरून आठवले. अभिनेत्री सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या मुलांच्या शाखेचे नाव ‘चंद्रशाला’ होते. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचे गाजलेले नाटक. संस्कृतात चंद्रशाला म्हणजे घराच्या माथ्यावरची, गच्चीवरची खोली. त्याआधी १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ करून ‘लिटल थिएटर’ सुरू केले होते, आणि १९६२ मध्ये स्वतः मतकरींनी ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. मतकरींच्या नाटकांची नावे पाहावीत: ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’. दोन्ही अंशाभ्यस्त! मुलांचे नाटक मुलांच्याच व्याकरणातून बोलवायचे, हे त्यांना नेमके कळले होते. २०१८ मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ नव्याने आले तेव्हा उपनगरांतली नाट्यगृहे सुट्टीच्या सकाळी भरली, आणि चिंची चेटकिणीशी भांडायला मुले खुर्च्यांवर उभी राहिली. जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांड्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या नाटकाचे नाव ‘वयम् मोठम् खोटम्’. वयाला संस्कृताचा थाट देऊन मोठेपण खोटे ठरवणारे हे तीन शब्द मुलाला एका झटक्यात कळतात.

आजच्या शब्दांकडे आलो की मन खट्टू होते. मे महिन्यात विलेपार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत बालनाट्य शिबिरांचे फलक लागतात. शिबिर म्हणजे मुळात सैन्याचा तळ. तो शब्द आपण सरावाने सौम्य केला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याखालच्या ओळीबद्दल: पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, कॉन्फिडन्स, आणि आपल्या पालकांचा खास शब्द, ‘स्टेज डेअरिंग’. ‘त्याला स्टेज डेअरिंग यावं म्हणून घातलंय.’ यात आईबाबांची माया आहे, मुलगा मागे पडेल ही भीती आहे, दोन्ही मला समजतात. पण डेअरिंग हे पाहिले जाण्याचे धैर्य झाले. नाटकातून मुलाला मिळते ते याहून मोठे आहे, आणि त्याला मराठीत शब्दही आहे: भूमिका. नटाची भूमिका असते आणि वादात माणसाचीही भूमिका असते. ‘तिची भूमिका समजून घे’ असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या जागी उभे राहायला सांगतो. राक्षसाचे काम केलेल्या मुलाला राक्षसाची बाजू काय असते ते एकदा तरी पोटातून कळलेले असते. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून आहे, तिथे मुलांच्या उन्हाळी कार्यशाळा गर्दीने भरतात. कार्यशाळा हा शब्द निदान काम आणि शाळा दोन्ही सांभाळतो.

हक्कांच्या भाषेतही खेळ आणि कला एकत्रच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारनाम्यातले ३१ वे कलम विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक-कलात्मक जीवनातला सहभाग हे सारे एका जागी ठेवते. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. आवारातली पाटी त्यानंतरची आहे.

भातुकलीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिच्यात भात आहे, आणि भात आला ‘भक्त’ या शब्दातून. भज् म्हणजे वाटणे, वाटून देणे; भक्त म्हणजे वाट्याला आलेले, म्हणून अन्न. जुन्या मराठीत ‘भातुके’ म्हणजे मुलांचा खाऊ; तुकोबांच्या अभंगांत हा शब्द भेटतो. तेव्हा भातुकली हा आपल्या भाषेतला नाट्यप्रयोग मुळात वाटणीचा आहे. चार शेंगदाणे आणि चिमूटभर पोहे आठ जणांत वाटायचे, आलेल्या पाहुण्याला आग्रह करायचा, तो नको म्हणाला तरी वाढायचे. चुलीच्या जागी आता प्लॅस्टिकचा गॅस आणि मायक्रोवेव्ह आला, त्यात बिघडले काही नाही. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुलगे निमूट वऱ्हाडी व्हायचे आणि हौसेने जेवायचे. तेवढी मोकळीकही आपण त्यांच्याकडून काढून घेऊ नये, म्हणजे झाले.

आणखी दोन शब्द, त्यांच्यावर माझा फार जीव आहे. पकडापकडीत ज्याला धावायचे त्याच्यावर ‘राज्य’ येते. राज्य म्हणजे इथे कष्ट, आणि ते सगळ्यांवर पाळीपाळीने येते. दुसरा ‘कच्चा लिंबू’. जो फार लहान आहे, नियम कळत नाहीत, तरी ज्याला खेळायचे आहे, त्याला मुले हे नाव देऊन डावात घेतात. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. कुठल्याही मोठ्या माणसाने न सांगता मुलांनीच ही तरतूद केली आहे. घाटकोपर-मुलुंडच्या मिश्र इमारतींत या शब्दांना शेजारही आहे: मराठी मुलगा ‘राज्य कोणावर?’ विचारतो, गुजराती मुलगी ‘दाव कोनो?’ म्हणते, इंग्रजी शाळेतले मूल ‘डेन कोण?’ ओरडते, आणि तिघेही एकाच जिन्यावरून धावत सुटतात. यांपैकी कोणता शब्द टिकेल हे त्या जिन्यावर रोज संध्याकाळी किती मुले उतरतात यावर ठरेल.