घोडेवाल्याची हाक आणि चहाची जाहिरात

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पहिली जाहिरात कानावर येते ती घोडेवाल्यांची. पुढे गाड्यांना बंदी, त्यामुळे गिऱ्हाईक इथेच पकडायचं. हाक गर्दीच्या पलीकडे पोचलीच पाहिजे. चहाच्या एका जाहिरातीच्या ऑडिशनसाठी मी आवाज पाठवला, तो असाच ओरडून. उत्तर आलं : "तुम्ही वाचताय, बोलत नाही."

कोडमध्ये बग सापडला की आम्ही त्याचा इतिहास उघडतो. इथेही तेच केलं.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. जाहिराती तर तिथे नव्हत्याच. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' नावातच टूथपेस्ट मिरवायची. अमीन सयानी मुंबईत रेकॉर्डिंग करत, टेप कोलंबोला जाई. त्यांची भाषा साधी होती आणि सूर गप्पांचा.

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीने मुंबई, पुणे, नागपूरहून जाहिराती सुरू केल्या. घरगुती बोलण्याचा मराठी नमुना आकाशवाणीवरच होता : 'पुन्हा प्रपंच'. त्यातले बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी भाषण ठोकत नसत, घरात बोलत.

माझा बग इथे सापडला. घोडेवाल्याला शंभर माणसं गाठायची असतात. रेडिओ मात्र ओट्याजवळच्या फळीवर असतो, मोबाइल तर थेट कानात. आवाज लांब नेण्याचं काम यंत्र करतं. आपण एकाच माणसाशी बोलायचं.

मग मी आधी ठरवलं, चहा कुणाला विचारतोय? आत्याला. वाक्यं श्वासाप्रमाणे नाही, अर्थाप्रमाणे तोडली. माइक वीतभर लांब आणि जरासा तिरका ठेवला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'ची हवा थेट आदळत नाही. राहिली खोली. इको पॉइंटला प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, कारण समोरचा कडा लांब आहे. त्यासाठी निदान १७ मीटर अंतर लागतं. खोलीतल्या उघड्या भिंती जवळ असतात, म्हणून तिथे परतलेला आवाज मूळ आवाजातच मिसळतो आणि बोलणं पोकळ वाटतं. भिंतींवर गोधड्या टांगल्या. पत्र्यावरची माकडं झोपायची वाट पाहिली.

रात्री अकराला तिसरा टेक चालू होता. "चहा घेणार?" मी म्हणालो.

पलीकडच्या खोलीतून आत्या म्हणाली, "आत्ता? नको रे."

टेक वाया गेला. पण आता पाठवायला हरकत नव्हती.