चार इंच

१९४७ सालच्या अखेरीची गोष्ट. इंग्लंडात ऑक्सफर्डला लागून काउली नावाचं ठिकाण आहे, तिथला मॉरिस कंपनीचा कारखाना. एका नव्या छोट्या फॅमिली कारचं काम जवळजवळ संपत आलेलं. ड्रॉइंग्ज झालेली, बंपर तर बनून येऊन पडलेले. आणि अशा वेळी गाडीच्या डिझायनरला वाटायला लागलं की गाडी जरा अरुंद दिसतेय.

मग त्यानं काय करावं? प्रोटोटाईप घेतला आणि नाकापासून शेपटीपर्यंत बरोब्बर मधोमध उभा कापायला लावला. मग दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून हळूहळू लांब सरकवत तो बघत राहिला. एवढं? नको, फार झालं. थोडं आत घ्या. हां, आता ठीक. मधली फट मोजली तर भरली चार इंच. ५७ इंच रुंदीची गाडी ६१ इंचांची झाली.

रिलीजच्या तोंडावर डिझाईन बदलायची वेळ ज्यांच्यावर आलीय त्यांच्या पोटात हे वाचून गोळा आला असेल :) कारण पुढचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे: जे आधीच बनून तयार आहे त्याचं काय करायचं? तर बंपर मधून कापले आणि मध्ये चार इंचांची पट्टी बसवली. बॉनेटवर मधोमध चार इंच रुंदीचा सपाट, किंचित उचललेला पट्टा आला. तळाच्या पत्र्यात दोन्हीकडे दोन-दोन इंच वाढवले. सुरुवातीच्या गाड्यांच्या फोटोत ती बंपरवरची पट्टी आजही स्वच्छ दिसते, आणि बॉनेटवरचा पट्टा तर शेवटच्या गाडीपर्यंत राहिला.

ही गाडी म्हणजे मॉरिस मायनर. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश मोटार.

डिझायनरचं नाव अॅलेक इसिगोनिस. नाव इंग्रजी वाटत नाही, कारण माणूसही सरळसोट इंग्रज नव्हता. जन्म १९०६ चा, तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ब्रिटिश जहाजांनी आपले नागरिक स्मर्नातून बाहेर काढले, त्यात हे कुटुंबही होतं. वडील वाटेतच, माल्टामध्ये वारले. मायलेक लंडनला आले. तिथे बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये पोरगं इंजिनिअरिंग शिकलं आणि गणितात तीनदा नापास झालं! गणिताशी त्याचं शेवटपर्यंत पटलं नाही. पण हातात पेन्सिल दिली की गाडीचा कुठलाही भाग फ्रीहँड काढून द्यायचा.

१९३६ मध्ये तो मॉरिसमध्ये लागला. युद्धाच्या काळात खाजगी गाड्या बनवणं बंदच होतं, कारखाने लष्कराच्या कामाला जुंपलेले. पण कंपनीचे उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांच्या डोक्यात युद्धानंतरचा विचार होता. त्यांनी इसिगोनिसला हाताशी दोन माणसं दिली आणि एक छोटी गाडी नव्यानं उभी करायला सांगितलं. प्रकल्पाचं नाव मॉस्किटो. जॅक डॅनियल्सनं सस्पेन्शन आणि खालचा भाग सांभाळला, रेग जॉबनं बॉडी. इसिगोनिसची स्केचेस बघून ती प्रत्यक्षात आणायची हे या दोघांचं काम. (नाव होतं ते स्केच काढणाऱ्याचं. नट-बोल्टचा हिशोब जुळवणारे बहुतेक वेळा तळटिपेतच राहतात. असो.)

आता या गाडीत एवढं काय होतं? त्या काळची छोटी ब्रिटिश गाडी म्हणजे मोठ्या गाडीची आवळलेली आवृत्ती. उंच, अरुंद, मोठाली चाकं, वळणावर कलंडणारी. इसिगोनिसनं इंजिन पुढे ढकललं, चाकं लहान म्हणजे १४ इंचांची केली, आणि मधली सगळी जागा माणसांना दिली. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, तेही टॉर्शन बारचं. म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगऐवजी पोलादाची लांब कांब. चाक खड्ड्यात गेलं की ती पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. स्टिअरिंग रॅक अँड पिनिअनचं, म्हणजे थेट आणि नेमकं. आज आपल्या कुठल्याही हॅचबॅकमध्ये हेच स्टिअरिंग असतं, पण १९४८ मध्ये स्वस्त ब्रिटिश गाडीत ते नवल होतं. जिनं ही गाडी चालवली ती व्यक्ती तिच्या वळण्याबद्दल बोलायची, वेगाबद्दल नाही.

वेगाबद्दल न बोलण्याचं कारण इंजिन! मूळ बेत एका नव्या आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा होता. ब्रिटनमध्ये तेव्हा गाडीचा कर सिलिंडरच्या व्यासावर लागायचा, त्यामुळे घरच्या बाजारासाठी छोटं आणि निर्यातीसाठी मोठं, अशा दोन आवृत्त्या एकाच इंजिनातून काढायच्या होत्या. पण १९४८ पासून सरकारनं सगळ्या नव्या गाड्यांना सरसकट १० पौंड कर लावला आणि या हुशारीतली अर्धी हवा गेली. शिवाय खर्च. शेवटी नव्या गाडीत जुन्या मॉरिस एटचं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन बसलं. मागच्या चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शनही गेलं, साधे पाटे आले. म्हणजे थोडक्यात काय, तर आपल्याकडे होतं तसंच: स्कोप कापला गेला. पण जे राहिलं ते मुळापासून नीट होतं.

आणि खरा अडथळा वेगळाच होता. कंपनीचा मालक!

लॉर्ड नफील्ड, म्हणजे मूळचे विल्यम मॉरिस. सायकली दुरुस्त करण्यापासून सुरुवात करून ब्रिटनमधली सगळ्यात मोठ्यांपैकी एक मोटार कंपनी उभी केलेला माणूस. त्यांना ही गाडी अजिबात आवडली नाही. गोलमटोल आकार बघून त्यांनी तिला ‘पोच्ड एग’ म्हटलं, ते नाव तिला कायमचं चिकटलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मॉरिस एट खपतेय, ऑर्डरी पडून आहेत, मग नवी गाडी कशाला? जुनीच थोडी रंगसफेदी करून विका. या आणि अशाच बाबींवरून खटके वाढत गेले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये माइल्स थॉमस कंपनीतून बाहेर पडले. (पुढे ते बीओएसी या सरकारी विमान कंपनीचे अध्यक्ष झाले.) म्हणजे ज्यानं इतकी वर्षं या प्रकल्पावर छत्री धरली तो माणूस प्रकल्प पूर्ण होईपर्यंत तिथे राहिलाच नाही. त्यांच्या जागी आलेल्या रेजिनाल्ड हँक्स यांनी काम थांबवलं नाही, म्हणून गाडी वाचली.

ऑक्टोबर १९४८. लंडनच्या अर्ल्स कोर्टला युद्धानंतरचं पहिलं मोटार प्रदर्शन. जग्वारची एक्सके १२० तिथेच पहिल्यांदा दिसली. आणि दुसऱ्या स्टँडवर मायनर, कर धरून किंमत साधारण ३५८ पौंड. गाडी लोकांना आवडली, पण मिळेना. देश कर्जात बुडालेला, पोलादाचं रेशनिंग, आणि पोलाद मिळणार ते निर्यात करणाऱ्याला. त्यामुळे सुरुवातीच्या बहुतेक मायनर जहाजात चढून ऑस्ट्रेलिया, अमेरिका वगैरे ठिकाणी गेल्या. अमेरिकेतल्या नियमांना जाळीतले बुटके हेडलाईट चालेनात म्हणून ते उचलून वर मडगार्डांवर बसवले. इसिगोनिसला तो बदल आवडला नाही म्हणतात. पण आज मायनर म्हटल्यावर जो चेहरा डोळ्यांसमोर येतो तो या बदलानंतरचाच.

हळूहळू गाड्या घरीही मिळायला लागल्या आणि मायनर ब्रिटनच्या रस्त्याचा भाग झाली. गावोगाव फिरणाऱ्या सुईणी आणि नर्स, पोस्टाच्या व्हॅन (सुरुवातीच्या काही पोस्टाच्या व्हॅनना तर रबराचे मडगार्ड होते, आदळआपट गृहीत धरून!), साठच्या दशकात पोलिसांच्या निळ्या-पांढऱ्या ‘पांडा’ गाड्या. १९५३ मध्ये ट्रॅव्हलर आली, मागचा सांगाडा अॅश लाकडाचा. ते लाकूड शोभेचं नाही बरं का, खरोखर बांधणीचा भाग आहे. पावसाळी देशात लाकडी गाडी, त्यामुळे त्यावर शेवाळ धरलेलंही लोकांनी पाहिलंय. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर बनली. त्या आनंदात फिक्या जांभळ्या रंगाच्या साडेतीनशे खास गाड्या काढल्या. मालकाला नको असलेल्या गाडीचा हा प्रवास.

इथे हा लेख संपवता आला असता. छान, प्रेरणादायी वगैरे. पण मला खरा इंटरेस्ट आहे तो पुढच्या भागात.

मायनरची तुलना एकाच गाडीशी होऊ शकते, फोक्सवॅगन बीटल. दोन्ही तीसच्या-चाळीसच्या दशकातल्या, दोन्ही गोल, दोन्ही सामान्य माणसासाठी. युद्धानंतर बीटलचा कारखाना तर ब्रिटिश लष्कराच्याच ताब्यात होता, आणि ब्रिटिश मोटारवाल्यांनी ती गाडी बघून नाक मुरडलं होतं. पुढे? बीटलनं दहा लाखांचा टप्पा १९५५ मध्येच गाठला आणि २००३ मध्ये थांबेपर्यंत २ कोटी १५ लाखांवर गेली. मायनर थांबली १६ लाखांच्या आसपास.

गाडीत एवढा फरक होता का? मला नाही वाटत. वळणावर मायनर बीटलपेक्षा कितीतरी शहाणी होती. फरक पडला गाडीच्या मागे काय उभं होतं त्यात. फोक्सवॅगननं एकाच गाडीवर सगळं पणाला लावलं. दरवर्षी काहीतरी सुधारायचं आणि अमेरिकेत आधी सुटे भाग आणि सर्व्हिसचं जाळं उभारायचं. इकडे १९५२ मध्ये मॉरिस आणि त्यांची जन्माची स्पर्धक ऑस्टिन एकत्र येऊन बीएमसी झाली. नावाला एक कंपनी. पण डीलर वेगळे, अभिमान वेगळे, आणि प्रत्येकाला आपली वेगळी छोटी गाडी हवी. त्यामुळे मायनरची स्पर्धा घरातल्याच ऑस्टिन ए३० शी. एकत्रीकरणाचा पहिला प्रसाद म्हणजे त्याच ए३० चं ८०३ सीसीचं इंजिन मायनरमध्ये आलं, जे अमेरिकेच्या लांबलचक रस्त्यांवर धापा टाकायचं. ९४८ सीसी यायला १९५६ उजाडलं, १०९८ सीसीला १९६२. आणि त्यानंतर काहीच नाही. पुढची आठ-नऊ वर्षं गाडी जवळपास जशीच्या तशी निघत राहिली.

इसिगोनिस १९५२ मध्ये कंपनी सोडून गेला, १९५५ च्या सुमारास परत आला आणि १९५९ मध्ये त्यानं मिनी दिली. मिनी म्हणजे क्रांतीच, पण पैसा नीट मिळेना. फोर्डच्या लोकांनी मिनी विकत घेऊन सुटी केली, हिशोब मांडला आणि म्हणाले की ही या किमतीत परवडूच शकत नाही. नव्या गाड्यांत फायदा नाही, जुनी मायनर मुकाट दूध देतेय. मग दुभत्या गायीला कोण हात लावणार?

मायनरची सलून १९७० मध्ये बंद झाली, ट्रॅव्हलर १९७१ मध्ये. तोवर बीएमसीची ब्रिटिश लेलँड झाली होती. मायनरच्या जागी १९७१ मध्ये आली मॉरिस मरीना. आणि या ‘नव्या’ गाडीचं पुढचं सस्पेन्शन कुठलं, तर मायनरचंच! १९४८ मध्ये जे सगळ्यांच्या पुढे होतं ते २३ वर्षांनी पैसे वाचवायला पुन्हा वापरलं. मरीनाची जी टिंगल झाली त्यात या पुढच्या चाकांचा वाटा मोठा होता. १९७५ मध्ये कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

हे वाचताना आपल्याला काही आठवतंय का? आठवायलाच हवं. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सनं पन्नासच्या दशकात मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ नावानं विकली होती. तिची मोठी बहीण मॉरिस ऑक्सफर्ड, ती आपल्याकडे अँबॅसिडर झाली. १९५७ च्या सुमाराला सुरू होऊन थेट २०१४ पर्यंत. तिकडे तेवीस वर्षांना आपण थांबून राहिले म्हणतो, इथे सत्तावन्न. बंद बाजारात गिऱ्हाईक रांगेत उभं असलं की कुठल्या इंजिनिअरला गाडी कापायची परवानगी मिळणार?

मायनरची गोष्ट एका जिनिअस माणसाची म्हणून सांगतात. मला ती तशी पुरेशी वाटत नाही. गाडी तयार असताना ती मधून कापायची मुभा असणं, ही खरी गोष्ट. ती मुभा १९४७ मध्ये कशीबशी होती, कारण एक थॉमस, एक हँक्स मध्ये उभे होते. गाडी यशस्वी झाली आणि ती मुभाच संपली. नफील्ड १९४७ मध्ये जे म्हणत होते, की जुनी खपतेय ना, मग राहू दे, तेच साठच्या दशकात सगळी कंपनी म्हणायला लागली. फक्त आता ‘जुनी’ म्हणजे मायनर होती.

इंग्लंडात मायनर अजूनही बऱ्याच दिसतात. सुटे भाग मिळतात, कुठलाही मेकॅनिक साध्या पान्यांनी खोलू शकतो. कधी एखादी जवळून बघायला मिळाली तर बॉनेटवरचा तो चार इंचांचा पट्टा नक्की बघा.