डोळ्यांच्या उड्या आणि डोक्याचा मार

आरशासमोर उभे राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहावे, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. नजर इकडून तिकडे जाते म्हणजे बुबुळे हलतातच. पण ती हलताना आपली आपल्याला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र स्वच्छ दिसतात. नववीच्या वर्गात आम्ही हा प्रयोग करतो तेव्हा काही मुले आरशावरच संशय घेतात! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी ही गोष्ट १९०० साली नोंदवली होती. या उड्यांचा शाळेच्या मैदानाशी संबंध जुळायला मात्र पुढे शंभरावर वर्षे जावी लागली.

वाचताना डोळे ओळीवरून सरळ घसरत जातात असे पूर्वी मानले जाई. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत, आणि त्याच काळात स्वतंत्रपणे एवाल्ड हेरिंग यांनाही, असे आढळले की डोळा थांबत-थांबत, उड्या मारत जातो. या उडीला ‘सॅकेड’ हे फ्रेंच नाव मिळाले. त्याचा अर्थ हिसका. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो आणि त्याच्या कितीतरी कमी वेळात पुढे उडी घेतो. (नेत्रतज्ज्ञ जावाल पुढे काचबिंदूने स्वतःच आंधळे झाले आणि त्यांनी अंधांसाठी पुस्तक लिहिले.)

उड्या मोजायच्या कशा? एडमंड ह्यूई यांनी डोळा बधिर करून बुबुळावर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी वाटी बसवली आणि तिला ॲल्युमिनियमची हलकी काडी जोडली. डोळा हलला की काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी. वाचूनच आपले डोळे चुरचुरतात. डॉज यांनी १९०१ साली सुटका केली: बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका त्यांनी सरकत्या फोटोच्या काचेवर टिपला. डोळ्याला स्पर्शही नको! १९१५ मध्ये त्यांनी बेनेडिक्ट यांच्यासह दाखवले की दारू घेतल्यावर या उड्यांचा वेग मंदावतो. डोळ्याचे स्नायू तेच. बिघडते ते त्यांना हुकूम देणारे केंद्र. आमच्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. कपाळामागच्या मेंदूपासून मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदूपर्यंत अनेक भागांनी मेळ राखला तरच एक उडी नेमकी पडते.

दुसरा धागा मुष्टियुद्धाच्या रिंगणातला. सतत ठोसे खाल्लेले खेळाडू अडखळत चालतात, जड बोलतात. प्रेक्षक त्यांना ‘पंच ड्रंक’, म्हणजे ठोशांनी झिंगलेले म्हणत. न्यूअर्कचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली याच नावाचा शोधनिबंध लिहून ही चेष्टा नसून मेंदूचा आजार आहे असे मांडले. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या मुलींचे दुखणे उजेडात आणणारे मार्टलंड ते हेच.

दोन्ही धागे गुंफले गेले ते एका भलत्याच कामासाठी तयार झालेल्या चाचणीमुळे. १९७६ मध्ये शिकागोच्या ऑप्टोमेट्री महाविद्यालयात किंग आणि डेव्हिक या दोघा विद्यार्थ्यांनी, वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी, तीन कार्डे बनवली. त्यांवर कमीजास्त अंतराने सुटे अंक. पहिल्या कार्डावर अंक रेषांनी जोडलेले, दुसऱ्यावर रेषा नाहीत, तिसऱ्यावर ओळीही जवळजवळ. मुलाने अंक भरभर वाचायचे आणि आपण घड्याळ लावायचे, इतकेच. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी हीच कार्डे ३९ मुष्टियोद्ध्यांना व मिश्र झुंजींच्या खेळाडूंना झुंजीच्या आधी व नंतर वाचायला दिली. ज्यांच्या डोक्याला मार बसला होता त्यांचा वेळ वाढला. पाच सेकंद वा त्याहून जास्त वाढ फक्त त्यांच्यातच दिसली.

येथे चौकस विद्यार्थी हटकून विचारील: खेळून दमल्यामुळेच वेळ वाढला नसेल कशावरून? संशोधकांनाही तो प्रश्न पडलाच होता. त्यांनी बास्केटबॉलच्या महाविद्यालयीन खेळाडूंची कसून सरावानंतर परीक्षा घेतली. वेळ वाढला नाही, उलट किंचित घटला. दुसऱ्यांदा वाचताना सराव झालेला असतो, हेही त्याचे एक कारण. म्हणजे व्यायामाने धाप लागते, घाम येतो, पण डोळ्यांच्या उड्या ढासळत नाहीत. ढासळल्या तर डोक्याच्या माराची शंका घ्यायला जागा राहते.

शंकाच, निदान नव्हे. पुढे इंग्लंडच्या व्यावसायिक रग्बीत ही चाचणी वापरून पाहिली तेव्हा मेंदूला हादरा बसलेले बरेच खेळाडू तिच्यातून निसटले आणि धडधाकट असलेले अनेक अडकले. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. वयाबरोबर त्यांचे वाचन झपाट्याने सुधारते, त्यामुळे गेल्या वर्षीची नोंद यंदा तुलनेला चालत नाही. ताजी नोंद हंगामाच्या सुरुवातीला, मूल ताजेतवाने असताना घ्यावी लागते. कबड्डीत गुडघा डोक्यावर बसलेला मुलगा “काही नाही सर, बरा आहे” असे म्हणत उठतो. त्याने अंक पूर्वीइतक्याच वेळात वाचले, तरी डोके दुखत असेल, उलटी झाली असेल किंवा तो गोंधळलेला वाटत असेल तर त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवायचे नाही, डॉक्टरांकडे न्यायचे.